तुमच्यासाठी काय रांधलं?

हॉटेलात बसून मेनूकार्ड पालथं घालणारा माणूस तुम्ही पाहिला आहे का? मी सहा वर्षं पाहतो आहे. वेटर कार्ड आणून ठेवतो. आमचे पुंडलिकभाऊ ते न उघडताच टेबलावर पालथं करतात, वर तळहात ठेवतात आणि विचारतात, "हे झालं गिऱ्हाइकाचं. तुमच्यासाठी काय रांधलं?"

वेटर गांगरतो. "आमच्यासाठी म्हणजे?"

"म्हंजे तुमी लोक दुपारी जेवता का नाई? का हवा खाऊन राह्यले? आचाऱ्यानं सोतासाठी काय टाकलं चुलीवर, ते सांग."

"ते असंच असतं साहेब. साधं."

"हाव, तेच पाह्यजे."

आणि पुढचं न ऐकता ते उठतात, कापडी पिशवीतला तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा काखोटीला मारतात आणि सरळ भटारखान्यात शिरतात. मी पालथ्या मेनूकार्डासमोर बसलेला, पोटात कावळे ओरडत असलेले.

आता खरं सांगायचं तर मला मेनूकार्ड वाचायला फार आवडतं. पनीरचे बारा प्रकार, त्यातला प्रत्येक मला तोंडपाठ आहे. शाळेत प्रश्नपत्रिका इतक्या मन लावून वाचल्या असत्या, तर आज कुठल्या कुठे असतो. आणि माझ्यासारख्या माणसाच्या नशिबी जोडीदार आला तो असा. भुकेच्या वेळी मला राग फार लवकर येतो, हे माझी बायको मंगल तुम्हाला सांगेलच, मी वेगळं सांगायची गरज नाही.

आम्ही दोघं देऊळगाव राजातल्या एका बियाणे कंपनीत कामाला आहोत. शेतकरी शेडनेटमध्ये मिरची-टमाट्याचं बियाणं घेतात आणि आम्ही ते प्लॉट तपासत जिल्हाभर फिरतो. मोटारसायकल माझी, मागच्या सीटवर पुंडलिक इंगळे, वय चोपन्न, आणि त्यांच्या मांडीवर तो डबा. माणूस मेहकर तालुक्यातला, डोणगावजवळच्या खेड्याचा. बोली अस्सल वऱ्हाडी. आमच्या देऊळगाव राजाची बोली जालन्याकडे झुकलेली, म्हणून ते मला चिडवतात, "सुधाकर, तुही भाषा म्हंजे ना इकडची ना तिकडची. बसस्टँडवरची हाय."

प्लॉटवरची कामं बारापर्यंत आटोपतात. बाया सकाळच्या वेळात फुलांना पराग लावून मोकळ्या होतात, आम्ही झाडं पाहून, वहीवर सह्या घेऊन मोकळे होतो. एकच्या सुमाराला चिखली म्हणा, मेहकर म्हणा, खामगाव म्हणा, जिथं असू तिथं जेवायचं. आणि तिथून पुढे माझे हाल सुरू.

चिखली रस्त्यावरच्या एका पंजाबी ढाब्यावर तर त्यांनी माझी लाजच काढली. हा माणूस तडक आत शिरला, पातेल्यांची झाकणं उघडून पाहायला लागला. मालकाची पाचावर धारण बसली. त्याला वाटलं, अन्न तपासणीवाले आले. धावत आला बिचारा. "साहेब, तेल आजच बदललं हो. फ्रीज काल धुतला."

"तेलाचं कोन इचारलं? वरनाचं सांगा. तुमचा आचारी कुठचा?"

"आचारी? तो... तो चांगला आहे साहेब."

"चांगला असनच. पन कुठचा?"

आचारी निघाला गढवालचा. स्वतःसाठी त्यानं कुळथाची दाळ आणि भात केला होता. पुंडलिकभाऊंनी आपला डबा उघडून त्याच्यापुढं ठेवला, त्याच्या ताटलीतली दाळ आपल्या ताटलीत घेतली आणि दोघं गॅसशेजारी पोत्यावर मांडी घालून जेवायला बसले. मालक हात जोडून उभाच. शेवटी मलाच बाहेर येऊन सांगावं लागलं, की बाबा, आम्ही कोणी नाही, आम्ही मिरचीवाले आहोत.

डबा देणार आणि आचाऱ्याचं खाणार, असा हा नेम होता. त्यात कधी खंड नाही. आणि मला कबूल केलं पाहिजे, की त्या नेमापायी मी बुलडाणा जिल्ह्यात बसून सगळा देश खाल्ला. मेहकरला एक चायनीजची गाडी आहे, लाल अक्षरं, ड्रॅगनचं चित्र, सगळं यथासांग. मी मोठ्या आशेनं मंचुरियनचा वास घेत होतो. पुंडलिकभाऊंनी विचारलं आणि गाडीवाला लाजून हसला. दार्जिलिंगकडचा होता. म्हणाला, "मंचुरियन हम नहीं खाता साब, पेट खराब होता है." त्यानं मोहरीच्या पानांची भाजी, दाळ-भात आणि अशी एक मिरचीची चटणी दिली, की माझ्या कानातून धूर निघाला. खामगावात साऊथ इंडियन पाटीखालचा आचारी दरभंग्याचा. भाजलेल्या वांग्याचा चोखा, कच्चा कांदा, मोहरीचं तेल. त्याला डोसा आवडतो का विचारलं तर म्हणाला, "बनाते हैं, खाते नहीं." शेगावात एका राजस्थानी भोजनालयाच्या महाराजानं बाजरीची ताकातली राबडी पाजली. मलकापूरच्या बिर्याणी हॉटेलात हैदराबादचे एक म्हातारे चाचा चिंचेची आंबट दाळ आणि पांढरा भात खात होते. "रोज बिर्याणी पकाता हूँ मियाँ, नाक भर जाती है," म्हणाले.

हॉटेलातला आचारी हॉटेलातलं खात नाही, हे मला पुंडलिकभाऊंमुळे कळलं. पाटी पंजाबची असो की चीनची, मागं चुलीवर त्याच्या गावचं काहीतरी साधं शिजत असतं.

तरी माझी एक तक्रार होतीच, आणि ती डब्याबद्दल. डब्यात रोज तेच. ज्वारीच्या दोन भाकरी, कांदा आणि तुरीचं घट्ट वरण. वरणावर लसणाची फोडणी, सालीसकट ठेचलेला लसूण, पार काळाकुट्ट करपलेला. एक-दोनदा मी चाखून पाहिलं. आधी करपट लागायचं, मग मागून थोडं गोड. मी घरी येऊन मंगलला पुंडलिकभाऊंच्या बायकोबद्दल म्हणालो, "शोभावहिनींचा हात जड आहे बघ. रोज लसूण जाळतात आणि हे भले गृहस्थ तो जिल्हाभर वाटत फिरतात."

मंगल म्हणाली, "रोज करपतो म्हणजे करपत नाही, करपवतात."

बायकांना अशा गोष्टी कळतात. मला कळायला आणखी दोन वर्षं लागली.

झालं असं, की एका उन्हाळ्यात लोणारकडून येताना आम्हाला जेवायला अडीच वाजले. मी ढाब्यात शिरतानाच ठरवून टाकलं होतं, आज पनीर. ब्रह्मदेव आला तरी पनीर. वेटरनं कार्ड ठेवलं, पुंडलिकभाऊंनी पालथं केलं आणि माझं डोकं फिरलं. मी कार्ड हिसकावून घेतलं. "बस झालं भाऊ! लोकांच्या ताटात काय आहे ते वाकून पाहायची ही काय सवय? आपण जेवायला येतो की झडती घ्यायला? आणि हा डबा! घरी कोणी खात नाही म्हणून इथं खपवता का?"

त्यांनी डबा नुसता स्वतःकडं ओढला. मला आणखीच चेव आला. मी डबा उचलला, त्याच्या झाकणावर बारीक टोचून नाव घातलं होतं, भांड्यांवर घालतात तसं. इतक्या वर्षांत मी ते कधी वाचलं नव्हतं. "आणि हा डबा तरी तुमचा आहे का? दिगंबर रामभाऊ इंगळे. हा दिगंबर कोण?"

"माह्या लहाना भाऊ," पुंडलिकभाऊ म्हणाले. "त्यालेच पाहून राह्यलो."

मी खाली बसलो.

त्यांनी सांगितलं ते असं. वडील लवकर गेले. पुंडलिकभाऊ दुसऱ्याच्या शेतात सालदारी करून घर ओढत होते. दिगा त्यांच्याहून नऊ वर्षांनी लहान, बारावीला दोनदा नापास, दिवसभर कबड्डी आणि पारावर गप्पा. आयटीआयला पाठवायचं म्हणून मायनं त्याच्यासाठी नवा डबा घेतला, नाव टाकून घेतलं. दिगा गेलाच नाही. एका दुपारी पुंडलिकभाऊ शेतातून तापून घरी आले, तर दिगा जेवत बसलेला. चौथी भाकर ताटात होती.

"मी म्हनलं, कमवाच्या नावानं बोंब अन् चार चार भाकरी हानतो. लाज नाई वाटत बे?" पुंडलिकभाऊ टेबलाकडं पाहत बोलत होते. "त्याच्या हातात घास होता गड्या. त्यानं तो ताटात ठेवला. हात धुतला. चप्पल घातली अन् गेला. मायले वाटलं, संध्याकाळी येईन. मलेही वाटलं. बावीस वर्सं झाली."

भरल्या ताटावरून माणूस उठवणं म्हणजे काय, हे आपल्याकडं कोणाला सांगावं लागत नाही. दुश्मनालाही जेवताना उठवत नाहीत. माय पुढं अकरा वर्षं जगली. मोठ्या मुलाला ती एका शब्दानं टोचून बोलली नाही. फक्त ताट वाढताना रोज एकदा म्हणायची, "उपाशी गेला व माह्या लेक."

दोन वर्षांनी गावचा कोणी भुसावळला गेला होता. त्यानं एका हॉटेलच्या मागं दिगाला कणीक मळताना पाहिलं. हाक मारली तर दिगा आत निघून गेला. पुंडलिकभाऊ दुसऱ्याच दिवशी तिथं पोहोचले, पण दिगानं रात्रीतूनच काम सोडलं होतं. तेवढाच काय तो माग. तेव्हापासून भटारखाने.

"पण भाऊ, त्यानं नाव बदललं असेल, दाढी वाढवली असेल. बावीस वर्षांनी ओळखाल कसं?"

"तेच तं. मानूस नाव बदलन, दाढी वाढवन. गिऱ्हाइकाले पंजाबी करून घालन, चायनीज करून घालन. पन सोताच्या पोटासाठी रांधतानी मायच्या हातचंच रांधन. म्हनून इचारतो."

मग मायच्या हातचं म्हणजे काय, तेही सांगितलं. मायच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. लसूण कधी लाल झाला ते तिला दिसायचं नाही. रोज करपायचा. कडूपणा मरावा म्हणून ती त्याच तेलात गुळाचा खडा टाकायची, वरणात नाही, तेलात. गूळही काळा व्हायचा. पोरांना वाटायचं, वरण असंच असतं. "लगनाच्या पंगतीत मी पह्यल्यांदा लोकाईचं वरन खाल्लं," पुंडलिकभाऊ थोडे हसले, "तं मी अन् दिगा दोघंही म्हनलो, वरन कच्चं हाय. लोकं हसले आमाले."

"आणि डबा?"

"तो सापडन त्या दिशी मी रिकाम्या हातानं जाऊ काय? उठवलं मीनं. बसवाले मलेच पाह्यजे ना. तोवर जो चुलीसमोर असन, त्याचा डबा."

वेटर ऑर्डर घ्यायला आला. मी पनीर मागवलं नाही. खरं तर काहीच मागवलं नाही. उठलो, डबा उचलला आणि त्यांच्यासोबत आत गेलो. आचारी छत्तीसगडचा होता, त्यानं पेजेसारखा पातळ भात आणि टमाट्याची चटणी दिली. मी मुकाट्यानं खाल्लं. घरी येऊन मंगलला सांगितलं, तर ती ओट्याशी उभी होती ती तशीच खाली बसली. मग म्हणाली, "आणि तुम्ही त्यांना झडती म्हणालात?" त्या रात्री मला भाजी वाढली, पण गरम करून वाढली नाही.

तेव्हापासून मीही शोधायला लागलो. दोघं मिळून शोधायला लागलो म्हणजे वेडेपणा दुप्पट झाला एवढंच. नांदुऱ्याला एका खानावळीत आम्ही आत शिरलो आणि पंचेचाळिशीचा एक आचारी आम्हाला पाहताच मागच्या दारानं पळाला. पुंडलिकभाऊंच्या अंगात वीज भरली. "दिगा! अरे दिगा!" चोपन्न वर्षांचा माणूस, काखेत डबा, गल्लीतून पळतोय, मागं मी, माझ्यामागं खानावळीचा मालक, मालकामागं एक कुत्रं. दोन गल्ल्या ओलांडून त्याला गाठलं. तो भिंतीला टेकून धापा टाकत होता. तोंडात गुटखा. कामावर तोंडात गुटखा धरायचा नाही अशी मालकाची ताकीद होती आणि आम्हाला तो तपासणीवाले समजला. गाव धुळ्याकडचं. पुंडलिकभाऊंनी त्याच्या चेहऱ्याकडं नीट पाहिलं, दम खाल्ला आणि डबा उघडून त्याच्यापुढं धरला. "घे, जेव. पह्यले गुटखा थुक."

परतताना त्यांनी रिकामा डबा पिशवीत भरला आणि मागच्या सीटवर बसले. मग एकदम म्हणाले, "सुधाकर, तो सापडला अन् माह्यासंग बोललाच नाई, तं?"

 मी गाडी चालवत राहिलो.

गेल्या फेब्रुवारीची गोष्ट. मेहकरकडचे प्लॉट करून परत निघालो आणि डोणगावच्या अलीकडं मागचं चाक बसलं. पंक्चरवाल्याच्या शेजारीच एक पत्र्याचा ढाबा. मी म्हणालो, चला. पुंडलिकभाऊ तयार होईनात.

"इथं कायले? माह्यं गाव दीड कोसावर हाय. हज्जारदा गेलो इथून. इथं कोन राहते?"

"भाऊ, एक वाजून गेला. मी आता चक्कर येऊन पडेन आणि मग मला दीड कोस तुम्ही उचलून न्याल."

नाइलाजानं आले. पोऱ्या-बिऱ्या कोणी नव्हता, मालकानंच कार्ड आणून ठेवलं. पुंडलिकभाऊंचा हात उठलाच नाही, म्हणून ते मीच पालथं केलं. "तुमच्यासाठी काय रांधलं?"

मालक म्हणाला, "आमचा आचारी ओडिशाचा आहे, त्याचं काहीतरी असेल." आत गेलो. आचारी चाळिशीचा, नाव बिरंची, कपाळाला गमछा बांधलेला. नेहमीसारखं पुंडलिकभाऊंनी डबा त्याला दिला आणि त्यानं हसत आपल्या पातेल्यातलं एका ताटलीत वाढलं. भात आणि दाळ.

मी दाळीकडं पाहिलं. वर काळा लसूण तरंगत होता. सालीसकट.

मी मनात म्हटलं, करपला असेल, कोणाचाही करपतो. शहरातल्या हॉटेलात तर हल्ली करपलेल्या लसणाला इंग्रजी नाव देऊन वाढतात. पुंडलिकभाऊंनी घास घेतला. चावता चावता थांबले. तसेच बसून राहिले, हात ताटलीत.

"गूळ तेलात टाकला?" त्यांनी विचारलं. आवाज त्यांचा वाटेना. बिरंचीला मराठी कळलं नाही. मी विचारलं, "गुड़ तेल में डाला क्या?"

"हाँ साब. पूरा काला होने तक. उस्ताद ऐसे ही सिखाए." बिरंचीनं तोवर आमचा डबा उघडला होता. त्यानं वरणाचा वास घेतला, बोट बुडवून चाटलं आणि चमकून आमच्याकडं पाहिलं. "अरे! ये तो वही है!"

"कौन उस्ताद?"

"रायपूर में, बसस्टँड के पीछे मेस है. वहाँ आठ साल था मैं. कोई लहसुन जल्दी निकाले तो उस्ताद बहुत डाँटते थे. बोलते थे, कच्चा है, कच्चा है."

"नाम क्या उस्ताद का?"

"दिगंबर उस्ताद. आपके तरफ का ही है, मराठी."

मी डब्याचं झाकण उचलून पुंडलिकभाऊंच्या मांडीवर ठेवलं. का ठेवलं ते मला माहीत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं झालं होतं. सगळा जिल्हा पालथा घातला आणि दिगाची फोडणी गावापासून दीड कोसावर शिजत होती. या माणसानं हजार वेळा ढाबा ओलांडला आणि कधी आत डोकावला नाही, कारण गावाजवळ कोण शोधतं?

"नंबर आहे का त्यांचा?" मी विचारलं.

"है ना. दिवाली को फोन करता हूँ. लगाऊँ?"

"थांब," पुंडलिकभाऊ म्हणाले. त्यांनी माझा दंड धरला. इतका घट्ट, की दुखलं. "सुधाकर, थांब गड्या. तो फोन ठिवून देईन. माह्या आवाज आयकला का ठिवून देईन. मंग मी काय करू?"

"ठेवला तर रायपूरला जाऊ. बसस्टँडच्या मागंच आहे. डबा घेऊन जाऊ." मला एवढंच सुचलं. त्यांनी माझा दंड सोडला. मी बिरंचीला मान हलवून लाव म्हणून सांगितलं.

त्यानं फोन लावून स्पीकरवर टाकला आणि पुंडलिकभाऊंच्या हातात दिला. घंटी वाजली. मग भांड्यांचा आवाज, कुकरची शिटी, आणि कोणीतरी अनोळखी माणूस. "हाँ बिरंची, बोल."

पुंडलिकभाऊंचे ओठ हलत होते. शेवटी बिरंचीनंच ओरडून विचारलं, "उस्ताद है क्या? उनका गाँव से कोई बात करेगा."

"उस्ताद अभी खाने बैठे हैं. अर्जंट है तो उठा दूँ?"

"नाई!" पुंडलिकभाऊ असे ओरडले, की बाहेरून मालक धावत आत आला. "उठवू नको! उठवू नको त्याले! नहीं भाई, उठाओ मत... हात जोडतो तुले. जेवू दे त्याले. पूरा खाने दो."

पलीकडचा माणूस गोंधळला. "तो बाद में लगाओगे?"

"नाई, ठिवू नको. चालू राहू दे. मी थांबतो."

त्या माणसानं फोन कुठंतरी ओट्यावर ठेवला असावा. खट्ट आवाज झाला आणि मग त्या स्वयंपाकघराचे आवाज येत राहिले. पुंडलिकभाऊंनी फोन दोन्ही हातांनी छातीजवळ धरला होता. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता. बिरंची आमच्या डब्यातली भाकर हातात घेऊन तसाच उभा. मालकाला काहीच समजलं नव्हतं, तरी त्यानं बाहेरच्या रेडिओचा आवाज बंद केला.

थोड्या वेळानं फोनमधून लांबून एक जाड आवाज आला. "अरे, इधर और एक भाकर लाना. और दाल भी डाल." कोणाच्या तरी पावलांचा आवाज आला, पळी पातेल्याला लागली.

पुंडलिकभाऊंनी फोनवर तळहात दाबला, माझ्याकडं वळले आणि कुजबुजले, "दिगाच हाय. आयकलं ना? अजून एक भाकर घेऊन राह्यला."

"घेऊ द्या," मी म्हणालो.

"हाव," ते म्हणाले. "घेऊ दे. चार घेऊ दे." आणि फोनवरचा तळहात काढून ते पुन्हा ऐकत बसले.